एकमताचा चहा

"कुणाला चहा घ्यायचाय का?" पानवलकरसाहेबांनी विचारलं आणि मी ताडकन उठले.

उठणार नाही तर काय! सकाळी साताऱ्याहून यष्टीत बसले होते ती थेट पुण्यात, या सरकारी इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर. पोटात चहाचा थेंब नव्हता. टेबलाभोवती बाकी कुणीच जागचं हललं नाही याचं जरा नवल वाटलं, पण म्हटलं, असतील बापडे घरून पिऊन आलेले. खाली जिन्याशेजारच्या कँटीनमध्ये मी आल्याचा चहा मागवला, तो संपवला आणि आणखी एक मागवला. वर आले तर सगळे माझ्याकडे फार कौतुकानं बघत होते.

"खटावकरबाई," अध्यक्ष पानवलकरसाहेब म्हणाले, "तुमचा समंजसपणा आवडला. नव्या माणसांना हे जमत नाही. कलम चार एकमतानं मंजूर झालं."

मी मान डोलावली. काय झालं ते मला काडीचंही कळलं नव्हतं.

ही गोष्ट वीसेक वर्षांपूर्वीची. पतसंस्था धडाधड बुडत होत्या आणि ऑडिटर काय झोपा काढत होते का, असं जो तो विचारत होता. तेव्हा पतसंस्थांचं ऑडिट कसं व्हावं याचे नवे नियम सुचवण्यासाठी सरकारनं एक सल्लागार समिती नेमली. नियमांना कागदावर 'मानके' म्हणायचे. आम्ही कलमं लिहायची आणि मंत्रालयात पाठवायची. घ्यायची की फेकायची ते तिथले लोक ठरवणार. आम्ही पाच जण होतो. अध्यक्ष पानवलकर, सचिव म्हणून निवृत्त झालेले, इस्त्रीच्या सफारीतले गोड बोलणारे गृहस्थ. पतसंस्थांच्या संचालकांच्या वतीनं बाजीराव ढमाळ. नागपूरचे एक प्राध्यापक, जे बहुतेक वेळा 'प्रकृती अस्वास्थ्यामुळे' यायचे नाहीत. वाईचे ऑडिटर त्र्यंबकराव शिधये. आणि मी, मृदुला खटावकर, त्यातली सगळ्यात लहान. शिधये सर माझे गुरू. त्यांच्या वाईच्या ऑफिसात उमेदवारी करूनच मी सी.ए. झाले आणि समितीवर माझं नाव सुचवलं तेही त्यांनीच. सगळं टिपून घ्यायला खात्याचे कुरणे असायचे.

परतीच्या बसमध्ये सर खिडकीशी बसले होते. गाडी कात्रजच्या पुढे गेली तोवर ते एकटेच हसत होते. शेवटी रुमालानं डोळे पुसले.

"सर, काय झालंय?"

"अगं मृदुले, चहाला गेलीस ना तू?"

"मग? त्यांनी विचारलं म्हणून गेले."

"ते चहाचं विचारत नव्हते! पानवलकरांची ती जुनी रीत आहे. एखाद्या कलमावर कुणाचा विरोध दिसला की ते चहाचं विचारतात. ज्याचा विरोध आहे त्यानं मुकाट्यानं बाहेर जायचं. मग उरलेल्यांनी हात वर करायचे आणि कुरणे लिहितात, 'उपस्थित सर्व सदस्यांनी एकमताने मान्यता दिली.' विरोध करणाऱ्याची अब्रू राहते आणि कागद स्वच्छ राहतो."

"पण माझा विरोध नव्हताच! ऑडिटरनं न कळवता जाऊन रोकड मोजावी, हे तर मला पटतंच. मी फक्त विचारलं, बाजाराच्या दिवशी गेलं तर चालेल का!"

"तेच ते. त्यांना वाटलं बाई अडून बसणार. आणि तू अशी काही उठलीस की ढमाळ म्हणाले, वा, बाईंना रीतभात आहे."

मग मीही हसत सुटले. कंडक्टर वळून बघायला लागला.

"आणि तुम्ही हो? तुम्ही कधी जाता चहाला?"

"मी कशाला जाऊ?" सर म्हणाले. "मी चहा पीत नाही."

हे मात्र मला चांगलं माहीत होतं. सरांकडे उमेदवारी करताना आम्हा मुलांची सगळ्यात मोठी उपासमार चहाचीच. ज्या संस्थेचं ऑडिट, तिथे चहा घ्यायचा नाही हा सरांचा नियम. बिस्कीट नाही, वडापाव नाही, पाणीसुद्धा घरून न्यायचं. पण वाईसारख्या गावात चहा नको म्हटलं की माणसं रुसतात. 'आमच्यात काय खोट दिसली साहेबांना?' म्हणून सरांनी तरुणपणीच चहा सोडून दिला. घरीही नाही, लग्नकार्यातही नाही. 'पीतच नाही' म्हटलं की कुणाला राग यायचं कारण उरत नाही. त्यांच्या बायकोनं, काकूंनी मला एकदा सांगितलं होतं, "चहा म्हणजे यांचा जीव की प्राण होता गं. माझ्या हातचा चहा पिऊनच तर होकार दिला होता."

बैठका होत राहिल्या. मी साताऱ्याहून बसायची, सर सुरूर फाट्यावर चढायचे, त्यांच्यासाठी मी पिशवी ठेवून जागा धरायची. कलमामागून कलम मंजूर होत होतं. प्रत्येक वेळी चहाचं विचारलं जायचं, कुणीतरी खाली जायचं. एकदा प्राध्यापक गेले, ढमाळ दोनतीनदा गेले. एकदा तर खुद्द पानवलकर स्वतःच विचारून स्वतःच गेले. मला ही रीत आवडायला लागली होती, खोटं कशाला बोलू? भांडण नाही, तंटा नाही. पानवलकर म्हणायचे, "बाई, मी मंत्रालयात हयात घालवली आहे. मतभेद असलेला सल्ला तिथे कपाटात जातो. एकमताचा सल्ला निदान टेबलावर येतो."

मग कलम अकरा आलं. ते मी लिहिलं होतं.

एकाच ऑडिटरनं एका पतसंस्थेचं ऑडिट सलग तीन वर्षांहून जास्त करू नये, इतकंच ते कलम. पण त्यात माझा जीव गुंतला होता. मी काय काय बघितलं होतं! संस्थेच्या चेअरमनच्या घरच्या बारशाला ऑडिटर आहेराचं ताट घेऊन उभा. कुठे ऑडिटरचा मुलगाच संस्थेत शाखाधिकारी. वर्षानुवर्षं त्याच माणसाशी ऊठबस झाली की चूक दिसली तरी माणूस डोळेझाक करतो, आणि म्हाताऱ्या माणसांच्या ठेवी बुडतात. माझ्या सख्ख्या मावशीच्या बुडाल्या होत्या. हे थांबायलाच हवं, असं मला पोटतिडकीनं वाटत होतं.

आणि हे कलम सगळ्यात आधी कुणाच्या मुळावर येणार हेही मला ठाऊक होतं. शिधये सर वाईतल्या एका मोठ्या पतसंस्थेचं ऑडिट तिच्या जन्मापासून करत होते. त्यांचं निम्मं ऑफिस त्या कामावर चालायचं. नियम आला की ते काम जाणार आणि मग हाताखालच्या माणसांना घरी बसवावं लागणार.

मसुदा मी त्यांना बसमध्येच वाचायला दिला. त्यांनी चष्मा लावून तो सावकाश वाचला आणि घडी घालून परत दिला.

"भाषा चांगली आहे," ते म्हणाले.

"आणि मजकूर?"

"माणसं बदलशील. पण नेमणार कोण?"

"म्हणजे?"

"आज ऑडिटर कोण नेमतं? संचालक. म्हणजे ज्यांना तपासायचं तेच तपासणारा निवडतात. मी गेलो तर माझ्या जागी कोण येणार हेही तेच ठरवणार. मग ते कुणाला आणतील? जो गप्प बसेल त्याला. तुझ्या कलमानं वाईट ऑडिटर जाईल हे खरं. पण नडणारासुद्धा जाईल, आणि त्याला काढायला कारणही द्यावं लागणार नाही."

पुढच्या बैठकीत त्यांनी हेच मांडलं. अर्धं बोलून झालं असेल नसेल, तोच ढमाळ खुर्चीत रेलले.

"शिधयेसाहेब, राग मानू नका हं. पण तुमचं पोट आहे त्यात. तुम्ही असं बोलणारच."

सरांचे कान लाल झाले. त्यांनी समोरचा कागद सरळ केला, पेन खिशाला लावलं आणि मग बैठक संपेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मला वाईट वाटलं, पण ढमाळांचं म्हणणं अगदीच चूक आहे असंही वाटेना. कलम पुढच्या बैठकीवर ढकललं गेलं.

ती शेवटची बैठक. त्या दिवशी सर बसमध्ये नेहमीसारखे बोलत होते. काकूंच्या गुडघ्याबद्दल बोलले, घाटातल्या नव्या बोगद्याबद्दल बोलले. कलम अकराचं नाव नाही. मीही काढलं नाही. सर विरोधाला उभे राहिले तर एकमत जाणार आणि कलम कपाटात जाणार. आणि सर गप्प बसले तर सरांचं ऑफिस जाणार. कशाची इच्छा करावी तेच मला समजेना.

प्राध्यापकांची प्रकृती नेहमीप्रमाणे अस्वस्थ होती. आम्ही चौघे होतो. पानवलकरांनी कलम वाचून दाखवलं, घसा साफ केला आणि कुणाकडेच न बघता म्हणाले, "कुणाला चहा घ्यायचाय का?"

सगळ्यांना ठाऊक होतं की शिधये चहाला जात नाहीत. इतक्या बैठका झाल्या, एकदाही गेले नव्हते. ते बसून राहणार, विरोध नोंदवा म्हणणार आणि आपली पंचाईत होणार, अशीच सगळ्यांची समजूत होती. कुरण्यांनी तर पेनसुद्धा खाली ठेवलं.

सरांनी खुर्ची मागे सरकवली.

"आज घेतो जरा चहा," ते म्हणाले आणि छत्री काखेत धरून बाहेर गेले.

पानवलकरांनी सुटकेचा श्वास टाकला. माझं कलम मंजूर होत होतं, ज्याच्यासाठी मी इतके दिवस झटले ते होत होतं, आणि मला रडू फुटेल की काय असं वाटत होतं.

ढमाळ माझ्याकडे झुकले. त्यांच्या तोंडाला सुपारीचा वास होता.

"सुटलो बाई एकदाचे!" ते हळूच म्हणाले. "तुमचे फार उपकार आहेत. वाईच्या त्या संस्थेचे चेअरमन आमचे व्याही. यंदा म्हाताऱ्यानं अहवालात लिहून ठेवलं, संचालकांच्या नातेवाइकांची कर्जं वसूल होण्यातली नाहीत. आता त्याला असंच काढलं तर सभेत बोंब होणार. लोक त्याचं नाव बघून पैसे ठेवतात ना! पण नियमच आला म्हटल्यावर कोण काय बोलणार? आमच्या भाच्यानं नवीन ऑफिस टाकलंय, त्याचं बघू म्हणाले व्याही."

ते हे अगदी आपलेपणानं सांगत होते. मी त्यांच्याच बाजूची असं धरून चालले होते ते.

"हात वर करूया का?" पानवलकर म्हणाले.

मी उठले.

"काय झालं बाई?"

"मलाही चहा हवाय."

"अहो, पण कलम तुमचं आहे!"

"हो. म्हणूनच."

"पण मग आम्ही दोघंच उरतो! कोरम तिघांचा आहे. मतदान कसं घेणार?"

"नका घेऊ," मी म्हटलं. "मी चहा घेऊन येते."

जिना मी कसा उतरले मला आठवत नाही. कँटीनमध्ये सर भिंतीकडच्या बाकावर बसले होते. समोर चहाचा ग्लास, वर साय धरलेली. त्याला हात लावलेला नव्हता.

"घेतला नाहीत?"

"घ्यायचा नसतोच गं. बाहेर यायचं असतं नुसतं." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "इतक्यात झालं? मंजूर?"

"नाही झालं. मी उठून आले. कोरम मोडला."

"काय वेडी आहेस का तू? जा आधी वर! चांगलं कलम आहे ते. अर्धं का होईना, चांगलं आहे."

"ढमाळांचे व्याही कोण ते तुम्हाला माहीत होतं?"

सर ग्लासातल्या सायीकडे बघत राहिले. म्हणजे माहीत होतं.

"सर! आणि तुम्ही उठून आलात? मला बसमध्ये का नाही सांगितलंत?"

"काय सांगू?" आता मात्र त्यांचा आवाज चढला. कँटीनवाला पातेलं ढवळायचा थांबला. "माझं काम वाचवा, म्हणून सांगू? ढमाळ बोलले ते खोटं आहे का? आहेच माझं पोट त्यात! मी काहीही म्हटलं तरी ऐकणाऱ्याला तेच ऐकू येणार. आयुष्यभर कुणाच्या घोटभर चहाला शिवलो नाही, का? तर कुणी म्हणू नये की शिधयेचं मत विकत मिळतं. आणि आता उतारवयात सरकारी कागदावर माझं नाव कशासाठी लागावं? स्वतःचं दुकान चालू राहावं म्हणून विरोध केला, यासाठी?"

मी त्यांना असं कधी बघितलं नव्हतं. मी शेजारी बसले.

"तुमचं म्हणणं बरोबर आहे की नाही, तेवढं सांगा."

"कुठलं?"

"नेमणार कोण, ते."

"बरोबरच आहे."

"मग ते मी मांडते. माझं तर काही पोट नाही ना त्यात? कलम राहू दे तसंच, तीन वर्षांनी ऑडिटर बदला. पण पुढचा ऑडिटर संचालकांनी नेमायचा नाही. खात्यानं यादी करायची आणि सभासदांनी वार्षिक सभेत त्यातून निवडायचा."

सरांनी विचार केला. "याच्यानंसुद्धा माझं काम जातंच."

"जातं," मी म्हटलं. "ते काही मला वाचवता येत नाही, सर."

"ते वाचवायचं नाहीच आहे." ते उठले, ग्लास कँटीनवाल्याकडे सरकवला आणि पैसे ठेवले. "यादीत जिल्ह्याबाहेरचे ऑडिटर पण असू देत म्हणून लिही. नाहीतर पुन्हा भाचे-पुतणेच यायचे."

आम्ही दोघं एकदमच वर आलो. पानवलकरांच्या कपाळावर आठ्या होत्या. मी उभ्या उभ्याच कलमाचा दुसरा परिच्छेद सांगितला आणि कुरण्यांनी तो उतरवून घेतला. ऐकता ऐकता ढमाळांची सुपारी चघळायची थांबली.

"हे काय नवीन?" ते म्हणाले. "संचालकांवर विश्वासच नाही म्हणा की! हे मला अजिबात मान्य नाही."

पानवलकरांचा चेहरा जरा उजळला. वाट सापडली होती. "ढमाळसाहेब," ते गोड आवाजात म्हणाले, "चहा?"

"मला ॲसिडिटी आहे!" ढमाळ कडाडले. "मी कुठ्ठं जाणार नाही. इथेच बसणार आणि विरोध करणार."

एरवी मला हसू आलं असतं. पानवलकर हतबल होऊन सरांकडे वळले. "मग शिधयेसाहेब, निदान तुम्ही... म्हणजे तुमचा या कलमाशी संबंध येतो, तेव्हा तुम्ही पुन्हा थोडा वेळ..."

"नाही," सर म्हणाले. ते शांत झाले होते. "मघाशी गेलो ते चुकलंच माझं. साहेब, या कलमानं माझं वाईचं काम जाणार आहे. म्हणून मी मत देत नाही, बाजूनं नाही आणि विरोधातही नाही. पण मी का मत देत नाही ते लिहा. मी खोलीत होतो हे लिहा. शिधये चहाला गेले होते असं मात्र होऊ देऊ नका. मी चहा पीत नाही."

पानवलकरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. बिचाऱ्यांची सगळी नोकरी एकमतात गेली होती.

"बाई बाजूनं, ढमाळ विरोधात," ते शेवटी म्हणाले. "म्हणजे माझ्यावरच आलं." मग त्यांनी हात वर केला. फार उंच नाही, खांद्याइतका. "कुरणे, लिहा. कलम अकरा बहुमतानं मंजूर. ढमाळसाहेबांचा विरोध त्यांच्याच शब्दांत घ्या. शिधये तटस्थ, कारणासह."

"साहेब, बहुमतानं?" कुरण्यांनी विचारलं. "आपल्याकडे असं कधी लिहिलेलं नाही."

"मग आता लिहा," पानवलकर वैतागून म्हणाले.

पानवलकरांचं म्हणणं अगदीच खोटं ठरलं नाही. कलम मंत्रालयात बरेच महिने पडून राहिलं. बाहेर आलं तेव्हा पहिला परिच्छेद जसाच्या तसा होता, दुसरा गायब होता. ऑडिटर तीन वर्षांनी बदला, नेमणूक संचालकांचीच. आम्ही सल्लागार होतो. सल्ला दिला, त्यांनी हवा तेवढा घेतला. माझी अशी चिडचिड झाली की आठवडाभर कुणाशी धड बोलले नाही.

सरांचं वाईचं काम गेलं, मागोमाग बाकीच्या जुन्या संस्थाही गेल्या. त्या जागी ढमाळांचा भाचा आला. सरांनी हाताखालच्या माणसांना इकडेतिकडे चिकटवून दिलं आणि ऑफिसची पुढची खोली टेलरला भाड्यानं दिली. मी भेटायला गेले तेव्हा ते मागच्या खोलीत आमच्या समितीचा छापील अहवाल वाचत बसले होते. दुसरा परिच्छेद नियमात आला नव्हता, पण अहवालात होता. ढमाळांचा विरोधही होता. आणि त्याखाली एक ओळ: 'श्री. त्र्यं. वि. शिधये उपस्थित होते. प्रस्तुत कलमात त्यांचा व्यावसायिक हितसंबंध असल्याने त्यांनी मत दिले नाही.'

"चोर आहेस तू," सर मला म्हणाले. "माझा मुद्दा, आणि नाव तुझं छापून आलं!"

"मग? तुम्हालाच नको होतं ना तुमचं नाव?"

"हे आहे की." त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. "हे वाचलं पोरांनी. ऑफिसातल्या सगळ्यांना दाखवलं मी." मग आतल्या दाराकडे बघून मोठ्यानं म्हणाले, "अहो, मृदुला आलीय! दोन कप टाका!"

काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. "दोन?"

"दोनच म्हणालो ना? आता माझ्याकडे कुणाचं ऑडिट राहिलंय?"

काकू हसल्या, पण पदर डोळ्यांना लावतच आत गेल्या. सरांनी तो चहा बशीत ओतून प्याला. फुर्र आवाज करत, अगदी शेवटच्या थेंबापर्यंत. मी माझा कप हातात धरून नुसती बसले होते.

सर जाऊन आता सात-आठ वर्षं झाली. मागच्या वर्षी अशाच एका नव्या समितीचं अध्यक्षपद माझ्याकडे आलं. पहिल्याच बैठकीत एका कलमावर कोल्हापूरची एक तरुण सी.ए. सारखी चुळबुळ करत होती. दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं. शेजारचे अनुभवी सदस्य तिच्या कानाशी लागले. तशी ती पर्स उचलून उभी राहिली.

"मॅडम, मी जरा चहा घेऊन येते," ती म्हणाली. मान खाली.

रीत अजून जिवंत होती तर.

"बसा," मी म्हटलं. "चहा इथेच येईल."

सचिव गोंधळले. "मॅडम, चहा बाहेर ठेवलाय. नेहमी बाहेरच असतो."

"आत आणा. यापुढे आतच."

चहा आला. तिनं कप उचलला, पण नजर वर करेना. मी माझाही कप तिच्यापुढे सरकवला.

"तुम्ही नाही घेत मॅडम?"

"मी चहा पीत नाही," मी म्हटलं. "हं, बोला आता. काय पटलं नाही तुम्हाला? सचिव, लिहून घ्या."